उंबरठ्याआतले हात : भंडाऱ्याची विडी आणि मुलांचे बालपण

'मानवी तस्करी' हा शब्द अलीकडे वृत्तपत्रांतून वरचेवर वाचनात येतो. तो वाचताच महानगरातील बदनाम वस्ती, रात्रीची आगगाडी, अनोळखी दलाल आणि परप्रांतात हरवलेली एखादी मुलगी असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. हे चित्र खोटे नाही; पण ते अपुरे आहे. हे संकट आपल्या गावाबाहेरचे, आपल्या ओळखीपाळखीबाहेरचे आहे, अशी त्यामुळे आपली समजूत होते आणि आपण निर्धास्त राहतो. भंडारा जिल्ह्यातील विडी-उद्योगाचा इतिहास ही निर्धास्तता घालवणारा आहे. कोवळ्या हातांच्या श्रमाचा बाजार तेथे भर दिवसा, ओळखीच्या माणसांच्या साक्षीने आणि पुष्कळदा घरच्या ओसरीवर भरत असे.

विडीच्या कारखान्यात बसणारा मुलगा आणि आजच्या कायद्याच्या भाषेत 'तस्करीची बळी' ठरणारी मुलगी यांची अवस्था एकच होती, असे आम्ही म्हणत नाही. एक निदान संध्याकाळी आपल्या आईकडे परतत असे. दुसरीला तेवढेही सुख नाही. परंतु दोघांच्या वाटेवरची पहिली पावले विलक्षण सारखी आहेत. घरातील नड, तिच्यावर तोडगा म्हणून पुढे आलेली उचल, मुलाच्या वयाविषयीची बेफिकिरी, आणि 'घरचा मामला' म्हणून आत न डोकावणारा कायदा, ही ती चार पावले होत. किशोरवयीन मुलामुलींचे शोषण कसे थांबवावे, या प्रश्नाचे उत्तर शोधायचे असेल, तर ही पावले कोठे पडली ते आधी पाहिले पाहिजे.

पान, तंबाखू आणि रेल्वे

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ पर्यंत त्याचाच भाग होता. १९५६ पूर्वी हा सारा मुलूख मुंबईला नव्हे, तर नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांत व वऱ्हाडला, आणि प्रजासत्ताक झाल्यावर त्या वेळच्या मध्य प्रदेशाला जोडलेला होता. ही गोष्ट लक्षात ठेवणे जरूर आहे, कारण येथील मजुरांचे पहिले कायदे नागपुरात झाले.

विडीसाठी तीन गोष्टी लागतात : तेंदूचे पान, तंबाखू आणि स्वस्त हात. तेंदूची झाडे या भागातील रानात मुबलक होती. उन्हाळ्यात त्यांची पाने तोडून, पुडे बांधून, वाळवून ठेवता येत. तंबाखू गुजरातेतून येई. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात गुजरातेतील काही कुटुंबे जबलपूरच्या बाजूस आली आणि तेंदूच्या पानात तंबाखू वळून विकण्याचा धंदा विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी तेथे वाढवला. त्याच सुमारास गोंदियाहून जबलपूरकडे जाणारी अरुंद रेल्वे सुरू झाली. कलकत्ता-नागपूर मार्गावरील गोंदिया हे मोठे जंक्शन बनले आणि पान, तंबाखू व तयार माल यांची ने-आण सोपी झाली. पुढे स्वदेशीच्या चळवळीने विलायती सिगारेटीकडे पाठ फिरवली, तेव्हा विडीला आणखीच तेजी आली. गोंदिया, तिरोडा, तुमसर, भंडारा या गावांतून विडीचे कारखाने निघाले.

तिसरी गोष्ट म्हणजे हात. धानाचे पीक निघाले की भूमिहीन मजुराला पुढचे काही महिने काम नसे. ज्यांच्या वाट्याला जमीन कधी आलीच नाही अशा दलित वस्त्यांतून तर विडी हाच पोटाचा मोठा आधार झाला. या धंद्याला यंत्र लागत नाही, भोंगा लागत नाही, धुराडे लागत नाही. एक सूप, एक कात्री, एक पत्र्याचा फर्मा, दोऱ्याची रीळ आणि दिवसभर पाय दुमडून बसण्याची तयारी एवढ्यावर काम चालते. जेथे भोंगा नाही तेथे तो कारखाना आहे हे सरकारला ओळखू येत नाही. या धंद्याचे पुढचे बरेचसे दुःख या एका गोष्टीतून निपजले.

हजारी मजुरी आणि नोंदवहीबाहेरचे मूल

विडी कशी होते ते शहरातील वाचकांना ठाऊक नसेल. आदल्या रात्री पाने भिजत घालतात. सकाळी फर्मा ठेवून ती कात्रीने एका मापाची कापतात. त्यात चिमूटभर तंबाखू घालून पान वळायचे, दोरा बांधायचा, तोंड मुडपायचे. अशा विड्यांची बंडले बांधून ती भट्टीत शेकली जातात. मजुरी रोजाने नव्हे, हजारी मिळते. म्हणजे हजार विड्यांमागे इतके. हजार विड्या वळण्यास सराईत माणसालाही दिवसाचा बराच भाग लागतो.

मुलाचे पाऊल या हिशेबातून कारखान्यात पडले. पाने कापणे, दोरा बांधणे, तोंड मुडपणे ही कामे लहान बोटांना जमतात. वळणाऱ्या माणसाने शेजारी एक मूल बसवले की त्याच्या विड्या वाढत. कित्येकदा हे मूल त्याचे स्वतःचे असे. कित्येकदा शेजाऱ्याचे, आणि त्याला तो आपल्या मजुरीतून काही पैसे देई. मालकाच्या वहीत नाव एकट्या मोठ्या माणसाचे. मालकाला विचारले तर त्याने मूल कामावर ठेवलेलेच नाही. वळणाऱ्याला विचारले तर मूल 'मदतीला' आलेले. काम होत होते, माल विकला जात होता, पण कामगार म्हणून ते मूल कोठेच नव्हते.

याच्या जोडीला दोन गोष्टी होत्या. पहिली 'छाट'. संध्याकाळी माल मोजताना न पटलेल्या विड्या बाजूला काढल्या जात. त्यांची मजुरी मिळत नसे. कारखानदार आणि मजूर यांच्यामध्ये सट्टेदार असे. तो पान-तंबाखू वाटून देई आणि तयार विड्या गोळा करी. दिलेले पान कमी पडले किंवा भिकार निघाले तर तो तोटाही मजुराच्याच माथी. दुसरी गोष्ट 'उचल'. लग्न, आजारपण, पावसाळ्यातील उपासमार अशा वेळी सट्टेदाराकडून आगाऊ रक्कम घ्यावी लागे आणि ती कामातून फेडावी लागे. हजारी दर हलका, त्यात छाट, त्यावर उचलीचा बोजा. अशा घरात बापाच्या दोन हातांना मुलाचे दोन हात जोडणे ही क्रूरता वाटत नसे. तो हिशेब होता. आई-बापांना दोष देऊन मोकळे होण्यापूर्वी हा हिशेब आपण नीट वाचला पाहिजे.

पहिले कायदे

हिंदुस्थानात मुलांच्या कामावर मर्यादा घालणारे कायदे एव्हाना जुने झाले होते. १८८१ च्या कारखाने कायद्याने सात वर्षांखालील, १८९१ च्या कायद्याने नऊ वर्षांखालील आणि १९२२ च्या दुरुस्तीने बारा वर्षांखालील मुलांना कारखान्यात मज्जाव केला. १८९१ च्या सुधारणेमागे मुंबईच्या गिरणी कामगारांची गाऱ्हाणी मांडणारे नारायण मेघाजी लोखंडे यांचे श्रम होते. त्याच वर्षी पोप तेरावे लिओ यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक काढून मजुरांचा प्रश्न ख्रिस्तसभेपुढे मांडला आणि शरीर व मन पुरते वाढण्याआधी मुलांना कारखान्यात जुंपू नये, असे बजावले. पण हे कायदे गिरण्यांसाठी, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांसाठी होते. विडीचा कारखाना त्यांच्या कक्षेत येत नव्हता.

१९२९ साली जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली मजुरांविषयीचा शाही आयोग नेमला गेला. त्याच्या साक्षीपुराव्यांचा एक स्वतंत्र खंड मध्य प्रांत व वऱ्हाडचा आहे. १९३१ च्या अहवालात आयोगाने विडी, लाख, कातडी, गालिचे अशा बिनयंत्राच्या धंद्यांचे वर्णन केले. काही ठिकाणी पाच वर्षांची मुलेही आढळली. जेवणाची पुरेशी सुट्टी नाही, आठवड्याची सुट्टी नाही, दहा-बारा तासांचे काम आणि अगदी लहानांच्या हाती दोन आणे, असे ते चित्र होते. त्याहून धक्कादायक गोष्ट म्हणजे मुलांचे गहाणखत. काही प्रांतांत पालक थोड्याशा रकमेच्या बदल्यात मुलाचे श्रम मालकाकडे चक्क गहाण टाकीत असल्याचे आयोगास दिसून आले.

या अहवालाची फळे लवकर दिसली. १९३३ साली मुलांचे श्रम गहाण ठेवण्यास बंदी करणारा कायदा झाला. पंधरा वर्षांखालील मुलाच्या श्रमाचे गहाणखत त्याने रद्दबातल ठरवले. असा करार करणाऱ्या पालकाला पन्नास रुपयांपर्यंत आणि मालकाला दोनशे रुपयांपर्यंत दंड ठेवला. १९३७ साली मध्य प्रांताने विडी, लाख आणि कातडी कमावणे या धंद्यांपुरता, कारखाने कायद्याबाहेर राहिलेल्या कारखान्यांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि स्त्रिया व मुले यांच्या कामाचे नियमन केले. भंडाऱ्याच्या विडी-मजुरांना कायद्याची पहिली सावली मिळाली ती ही. पाठोपाठ १९३८ च्या बालकामगारविषयक कायद्याने आणि त्याला लगोलग झालेल्या दुरुस्तीने बारा वर्षांखालील मुलांना विडीच्या कार्यशाळांत मनाई केली.

मात्र या शेवटच्या कायद्यात एक अपवाद होता. बाहेरचा मजूर न लावता मालक आपल्या कुटुंबीयांच्याच मदतीने जेथे काम चालवतो, तेथे ही मनाई लागू नव्हती. अपवाद करणाऱ्यांचा हेतू वाईट नसावा; बापाच्या हाताखाली पोराने धंदा शिकणे ही आपली जुनीच रीत. पण विडीच्या धंद्यात तो अपवादच पुढे मुख्य वाट झाला. कारखान्याचे दार मुलांना बंद होऊ लागले, तसतसे काम कारखान्यातून उठले आणि सुपात बसून घरी आले.

मजुरांनी स्वतः काय केले

या इतिहासात मजूर केवळ दयेचे धनी नव्हते. कामठीचे बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे हे १९०४ साली जन्मलेले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे अनुयायी. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. त्यांनी विडी-मजुरांना ठेकेदारांच्या पिळवणुकीविरुद्ध संघटित केले, सहकारी तत्त्वावर विडी तयार करण्याचा प्रयोग केला आणि मध्य प्रांत विडी मजूर संघ उभा केला. कामठी-नागपुरातून सुरू झालेले हे काम गोंदिया-भंडाऱ्याकडेही पोहोचले. ज्या हातांनी संघटना बांधली त्यांनीच वस्त्यांतून रात्रशाळाही चालवल्या, ही गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. मजुरी आणि शाळा हे दोन प्रश्न नसून एकच प्रश्न आहे, हे त्यांनी ओळखले होते. १९३७ साली ते प्रांताच्या कायदेमंडळावर निवडून आले. परंतु १९३९ च्या जानेवारीत, वयाच्या पस्तिशीतच त्यांचे निधन झाले.

डॉ. आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या खात्याने १९४४ साली डी. व्ही. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली मजुरांच्या स्थितीची पाहणी करणारी समिती नेमली आणि या समितीने विडी, सिगार व सिगारेट या धंद्यांवर स्वतंत्र अहवाल सादर केला. पुढे १९५४ साली बाबासाहेबांनी लोकसभेची पोटनिवडणूक याच भंडाऱ्यातून लढवली. ती ते हरले. पण त्यांच्या नेतृत्वाखाली आकारास आलेल्या राज्यघटनेतील दोन कलमे भंडाऱ्यातील प्रत्येक मुलाच्या हाती कायमची आली. तेविसाव्या कलमाने माणसांचा व्यापार, वेठ आणि सक्तीची मजुरी यांना मनाई केली. चोविसाव्याने चौदा वर्षांखालील मुलाला कारखाना, खाण वा अन्य धोक्याच्या कामावर ठेवण्यास बंदी केली. माणसांचा व्यापार आणि मुलांची मजुरी ही दोन पापे घटनेने एकाच शीर्षकाखाली, 'शोषणाविरुद्धचा हक्क' म्हणून, शेजारी-शेजारी ठेवली आहेत. त्यांचे नाते घटनाकारांना दिसले होते.

घराचे दार

स्वातंत्र्यानंतर लढाई न्यायालयांत गेली. सागर येथील विडी-कारखान्याच्या खटल्यात १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, माल पुरवणारे सट्टेदार हे स्वतंत्र ठेकेदार असून ते कारखान्याचे कामगार ठरत नाहीत. १९६१ साली नागपूरच्या एका खटल्यात न्यायालयाने कारखान्यात बसून विडी वळणाऱ्या मजुरांना मात्र कामगार मानले व त्यांचा रजेचा हक्क मान्य केला. या दोन निर्णयांतून कारखानदारांनी कोणता धडा घेतला असेल, हे सांगावयास नको. मजूर कारखान्यात बसला तर तो आपला. घरी बसला तर तो सट्टेदाराचा.

ही पळवाट बुजवण्यासाठी संसदेने १९६६ साली विडी व सिगार कामगारांचा खास कायदा केला. सट्टेदारामार्फत घरी काम करणाऱ्यालाही त्याने कामगार म्हटले, खऱ्या मालकावर जबाबदारी टाकली, छाटीच्या तक्रारीला वाट करून दिली. चौदा वर्षांखालील मुलास 'औद्योगिक जागेत' काम करू देऊ नये आणि चौदा ते अठरा वयाच्या तरुणांस संध्याकाळी सातनंतर कामावर ठेवू नये, असेही त्यात होते. मोठा मोलाचा कायदा. पण 'औद्योगिक जागा' या शब्दाच्या व्याख्येतून खासगी राहते घर वगळलेले होते. १९८६ चा बालकामगार कायदा आला. त्यानेही विडी वळणे हे मुलांना वर्ज्य ठरवले आणि कुटुंबाच्या मदतीने चालणाऱ्या कामाचा अपवाद पुन्हा ठेवला. १९३८ ते १९८६ या अठ्ठेचाळीस वर्षांत पारतंत्र्य गेले, राज्ये बदलली, भंडारा नागपूरच्या राज्यातून मुंबईच्या राज्यात आला. पण घराचा उंबरठा कायद्याला ओलांडता आला नाही.

उंबरठ्याआड काय चालते? मुलगा निदान शाळेच्या पटावर येतो. मुलगी धाकट्या भावंडाला मांडीवर घेऊन दोरा बांधत बसते. तंबाखूची धूळ घरभर उडते, अन्नात पडते. काम किती तास चालले याची नोंद नाही. आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी ती शाळेतून काढली जाते तेव्हा कोणाच्याही ते लक्षात येत नाही, कारण ती कोठे गेलेलीच नसते. ती घरीच असते.

केरळात याच काळात काय घडले ते तुलनेसाठी पाहण्यासारखे आहे. १९६६ चा कायदा लागू होऊ लागताच तेथील काही मोठ्या विडीमालकांनी कारखाने बंद केले. बेकार झालेल्या मजुरांनी राज्य शासनाच्या साह्याने १९६९ साली कण्णूर येथे 'केरळ दिनेश विडी' ही सहकारी संस्था काढली. काम घरोघर न वाटता कार्यशाळेत ठेवले. कायद्याप्रमाणे मजुरी व रजा दिल्या. मोठ्या माणसाला पुरेशी मजुरी मिळू लागली आणि मूल शाळेत जाऊ लागले. हरदास यांनी तीस-पस्तीस वर्षांपूर्वी कामठीत जे योजले होते, त्याच जातीचा हा प्रयोग. मुलाला कामावरून काढणे हा उपाय अर्धा. बापाची मजुरी आणि आईची मजुरी पुरी करणे हा त्याचा दुसरा अर्धा भाग. विडी कामगारांच्या कल्याणासाठी १९७६ साली विडीवर उपकर बसवून जो निधी उभारला गेला, त्यातून त्यांच्या मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. तोही याच दिशेचा मार्ग होता.

जुनी उचल, नवा सट्टेदार

पुढे विडीचा धंदाच ओसरू लागला. गुटखा आला, स्वस्त सिगारेटी आल्या, धूम्रपानाविषयी जागृती झाली, करांचा भार वाढला. तंबाखूचा धंदा घटला याचे वाईट वाटण्याचे कारण नाही. पण त्या धंद्यावर जगणाऱ्या घरांना दुसरे काम कोणी आणून दिले नाही. हातावर पोट असलेली माणसे गाव सोडू लागली. त्यांच्या मागोमाग, आणि कधी त्यांच्याही आधी, त्यांची वाढती मुले. विडीच्या काळात उचल देणारा सट्टेदार त्याच गावचा होता. आता येणारा मनुष्य शहरातल्या घरकामाचे, वीटभट्टीचे, दूरच्या कारखान्याचे, क्वचित लग्नाचे आमिष घेऊन येतो. हाती काही हजार रुपये ठेवतो आणि 'महिन्याला पैसे पाठवीन' म्हणतो. रीत तीच, अंतर मात्र वाढलेले. विडीच्या सुपापासून आईची हाक ऐकू येत होती. येथून ती येत नाही.

कायद्यानेही हे सातत्य उशिरा का होईना ओळखले. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने उचलीच्या मोबदल्यात बांधून घेतलेले श्रम बेकायदा ठरवले आणि असे कर्ज फेडण्याची बांधिलकीच रद्द केली. १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी पैशांत करून घेतलेले काम हे सक्तीचेच काम होय, असे सांगितले. १९९६ च्या डिसेंबरात त्याच न्यायालयाने, धोक्याच्या कामावर मूल ठेवणाऱ्या मालकाने प्रत्येक मुलामागे वीस हजार रुपये भरावेत आणि शासनाने शक्यतो त्या घरातील मोठ्या माणसाला काम मिळवून द्यावे, असा आदेश दिला. संयुक्त राष्ट्रांनी २००० साली स्वीकारलेल्या करारनाम्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला बालक मानले. शोषणाच्या हेतूने तिची ने-आण केली, तर फसवणूक वा जबरदस्ती सिद्ध झाली नाही तरी ती तस्करीच, असे त्यात म्हटले आहे. भारताने २०११ साली त्याला मान्यता दिली. २०१३ साली आपल्या दंडविधानात तस्करीची नवी व्याख्या आली आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो गुन्हा कायम आहे. बळी पडलेल्या व्यक्तीची 'संमती होती' हा बचाव त्यात चालत नाही.

याचे महत्त्व किशोरवयीन मुलांना सर्वांत अधिक आहे. जुन्या कायद्यांनी बालपण बाराव्या वा चौदाव्या वर्षी संपवले होते. पंधरा वर्षांची मुलगी मग कोणाची? शाळेची नाही, बालकामगार कायद्याची नाही, प्रौढांच्या संघटनेची तर नाहीच. ना घरचा ना घाटाचा अशी ती तीन-चार वर्षे. दलालाचे लक्ष नेमके त्याच वर्षांवर असते. २०१६ साली बालकामगार कायदा बदलला. चौदा वर्षांखालील सर्व मजुरीला मनाई झाली, चौदा ते अठरा या वयोगटाला 'किशोर' असे नाव मिळाले आणि त्यांना धोक्याच्या कामांपासून दूर ठेवले गेले. पण शाळा सुटल्यावर कुटुंबाच्या बिनधोक्याच्या उद्योगात मुलाने मदत करण्याची मुभा याही वेळी राहिली. उंबरठा अजून तेथेच आहे.

आपण काय करावे

जेथे कायदा पोहोचू शकत नाही तेथे शेजारी पोहोचू शकतो. म्हणून शासनाने करावयाच्या गोष्टींची यादी आम्ही येथे देत नाही. धर्मग्रामातील कुटुंबांच्या आवाक्यातल्या गोष्टीच सांगतो.

पहिली गोष्ट वयाच्या कागदाची. विडीच्या कारखान्यात मूल लपू शकले, कारण त्याचे नाव आणि वय कोठेही लिहिलेले नव्हते. आजच्या बालन्याय कायद्यात वय ठरवताना आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला पाहिला जातो आणि तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणी होते. हे दोन कागद ज्या मुलीपाशी आहेत तिला 'एकोणीस वर्षांची' ठरवणे दलालाला सोपे जात नाही. आपल्या वस्तीतील प्रत्येक मुलामुलीचा जन्मदाखला आहे की नाही, हे पाहण्यास मोठी संस्था लागत नाही.

दुसरी गोष्ट उचलीची. दलालाची उचल अडचणीच्या वेळी दारात येते. म्हणून त्या वेळी दुसरे कोणीतरी आधी दारात पोहोचले पाहिजे. आपल्या पतपेढ्या, बचतगट आणि सेंट व्हिन्सेंट डी पॉल मंडळे यांनी आजारपणाचे आणि जून महिन्यातल्या शाळेच्या खर्चाचे छोटे कर्ज विनाविलंब दिले, तर तस्करीविरुद्धचे अर्धे काम भाषणावाचून होईल.

तिसरी गोष्ट आठवीनंतरच्या शाळेची. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची हमी सहा ते चौदा या वयापुरती आहे. पंधराव्या वर्षी गळणारी मुलगी कायद्याच्या हमीतून आणि गावाच्या नजरेतून एकदमच गळते. दहावीपर्यंत तिला टिकवणारे वसतिगृह, सायकल वा संध्याकाळची अभ्यासिका ही तिची खरी तटबंदी होय.

चौथी गोष्ट विचारपूस करण्याची. कामासाठी गेलेले मूल कोणाबरोबर गेले, कोठे गेले, पत्ता काय, फोन केव्हा आला, हे गावाने विचारीत राहावे. शंका आली तर १०९८ हा क्रमांक आहे. मुलांसाठीची ही दूरध्वनी सेवा १९९६ साली मुंबईत सुरू झाली आणि आता ती शासनाकडून चालवली जाते. प्रत्येक जिल्ह्यात बाल कल्याण समितीची तरतूद आहे. तेथे जाणे म्हणजे कोणाची चहाडी करणे नव्हे.

पाचवी गोष्ट सर्वांत जवळची, म्हणून सर्वांत अवघड. घरकामासाठी चौदा वर्षांखालील मूल ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून आपल्या देशात मनाई झाली. तरीही शहरांतील सुखवस्तू घरांतून, आणि त्यात आपल्या समाजाचीही घरे आली, दूरच्या जिल्ह्यांतील कोवळ्या मुली भांडी घासताना दिसतात. 'आम्ही तिला मुलीसारखे वागवतो' असे सांगितले जाते. ते खरेही असेल. पण तिला कोणी आणले, आणणाऱ्याला किती पैसे मिळाले, तिच्या घरी किती पोहोचले, ती शाळेत का नाही, हे प्रश्न विचारले गेले आहेत काय? विडीचे काम ज्या घरात शिरले ते घर गरिबाचे होते आणि तो उंबरठा नाइलाजाचा होता. आपला उंबरठा तसा नाही.

भंडाऱ्यातील विडीच्या सुपांनी आम्हाला जे शिकवले ते एवढेच. मुलाला कोणी एका दिवसात पळवून नेत नाही. ते आधी वहीतून, मग शाळेतून, मग गावाच्या नजरेतून एकेक करून नाहीसे होते. प्रभू येशूने एक बालक बोलावून शिष्यांच्या मध्यभागी उभे केले होते. सर्वांना दिसेल असे ते उभे राहिले. आपल्या प्रत्येक धर्मग्रामात पंधरा-सोळा वर्षांची मुलेमुली तशीच सर्वांच्या नजरेसमोर राहतील, एवढी खबरदारी आपण घेऊ शकतो. येत्या जून महिन्यात शाळा उघडतील, तेव्हा आपल्या वस्तीतील कोणते मूल बाकावर आले नाही, हे पाहून आरंभ करता येईल.